सात नंबरचं रीळ

प्रिंट एकच, गावं दोन.
फैजपुरात रिळं फिरून झाली की
मी ती कॅरिअरला बांधून सावद्याला न्यायचो,
जुन्या ट्यूबच्या रबरानं आवळून.
दोन्ही बाजूंनी केळी, मध्ये मी,
आणि पाठीशी डब्यात गुंडाळलेली एक बाई,
जिचा मुखडा मला पडद्यावर कधी सलग दिसला नाही.

मला सुपडू म्हणतात.
आधीची तीन गेली, म्हणून आईनं मला सुपात घालून
शेजारणीला दिलं आणि सव्वा पैशात परत घेतलं.
मरणाला हिशेबात चुकवता येतं
हे मला दुधाबरोबर पाजलेलं.
त्यामुळेही असेल, त्या सिनेमांशी माझं जमायचं.

आमच्याकडची भुतं चिकट.
कोंबडं मागतात, लिंबू, हिरव्या बांगड्या,
वाटणीत राहिलेला बांध मागतात.
पडद्यावरची काहीच मागायची नाही.
हवेलीच्या जिन्यात मेणबत्ती धरून उभी,
म्हणायची, फक्त ओळख मला.
एवढं स्वस्त भूत
सव्वा रुपयात कोणाला नको असतं?

सावद्याच्या मशीनवर रुस्तुम तडवी. तो म्हणायचा,
"सुपडू, बाई खरी नाही, धुकं खरं नाही,
कार्बनची कांडी तेवढी खरी, अन् तीही जळून राह्यली."
पण दर खेळाला, ती गायला लागली की
विडी विझवून खिडकीशी जाऊन उभा राहायचा.

त्या वर्षी आखाजीला दोन्ही टॉकीज भरलेली.
आखाजीला मेलेले आणि लेकी
एकाच दिवशी घरी येतात आमच्यात.
सकाळी घागरीवर डांगर ठेवून बापाला हाक मारलेल्या बाया
रात्री लेडीजमध्ये, पदरात सांजोऱ्या,
झोक्याच्या दोराचे वळ अजून तळव्यांवर.

आधीच्या खेपेत, घाईत,
आठ नंबर पुढे गेलेलं, सात मागे राहिलेलं.
सातमध्ये ती तलावात जाते.
ते आणायला उलटा गेलो, आणि येताना
नाल्याच्या फरशीवर ट्यूब फुटली.
तिजेची कोर केव्हाच बुडालेली. केळीची पानं
कोणी ओलं लुगडं झटकावं तशी वाजत होती.
मग ओळींच्या आतून एक कंदील चालत आला.
मागे पांढरं काहीतरी.
माझ्या तोंडून रामाचं नाव यायला हवं होतं.
आलं ते एवढंच:
ओळखलं मी तुला.

"काय ओळखलं रे?"
रात्रीचं बारं देणारा लोटू होता,
गुडघाभर चिखल, खांद्यावर फावडं.
पोट धरून हसला.
मग फावडं तिथंच टाकून
वेशीपर्यंत माझी सायकल ढकलत आला.
खरं सांगू? मला जरा वाईट वाटलं होतं,
तो लोटू निघाला याचं.

तोवर सावद्यात शिट्ट्या सुरू झालेल्या,
रुस्तुमनं आठ चढवलेलं.
ती भिंतीतून आली, त्यानं ओळखलं, दोघं रडली.
त्यानंतर मी पोचलो, घामानं निथळत,
आणि मग ती मेली.
तलावावर दोन वलयं, आणि इंटरव्हलचे दिवे.

एकही खुर्ची मोडली नाही.
फक्त कौतिकबाई, स्टेशनवर केळीच्या वॅगनी भरणारी,
सकाळी नवऱ्याची घागर भरून आलेली,
केबिनच्या शिडीखाली येऊन थांबली.
"भाऊ, उद्या बी असंच लावा.
आधी येऊ द्या तिला.
जायचं काय, जाईल सवडीनं."

चार दिवस रुस्तुमनं तसंच लावलं.
पाचव्या दिवशी भुसावळहून कंपनीचा माणूस आला,
ओरडला, आणि सात पुन्हा आठच्या आधी गेलं.

आता टॉकीजच्या जागी मंगल कार्यालय आहे.
नातीच्या मोबाईलवर परवा तो सिनेमा सापडला,
सगळी रिळं ओळीनं, कुठे एक ओरखडा नाही.
तलाव आला तसं मी बोट ठेवून चित्र थांबवलं.

"आबा, नेट गेलं का?"
म्हटलं, नाही गं.
पंक्चर.